रुमालाखालचा आकडा

अमरावतीकडच्या एका बैलदलालानं माझ्या वडिलांना म्हातारा बैल तरणा म्हणून विकला. फसवलं त्यानं, फसले माझे वडील. गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची आहे. मी ती इतक्या जणांना सांगितली आहे की ती सुरू झाली की माझी बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

आम्ही हिवरखेडच्या बाजूचे. वडिलांचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, हिवाळ्यात मेथी. जोडीतला एक बैल मेला म्हणून दुसरा आणायला ते बाजारात गेले होते. दलालानं झिजलेले दात कानशीनं घासून सारखे केले होते. शिंगं साळून त्यांना तेल चोळलं होतं, त्यामुळे वय सांगणारी शिंगावरची वळी दिसत नव्हती. मानेवर जुवाचा जुना घट्टा होता, तो काजळी आणि तेल एकत्र करून बुजवला होता. बैल उन्हात चकाकत होता. घरी आणल्यावर पहिल्या पावसात काजळी धुऊन गेली आणि डवरणीत, पिकातलं तण काढताना, बैल ओळीच्या मध्येच बसला. उठेना. गावातली माणसं बांधावर येऊन पाहून गेली. एक जण म्हणाला, "नातू आणाले गेला अन् आजोबा घेऊन आला." वडील हसले. पण त्यानंतर ते आयुष्यात कधी बाजारात गेले नाहीत. साधं बियाणं घ्यायचं असलं तरी दुसऱ्याला पाठवत. भाव करण्याची हिंमतच त्यांच्यातून निघून गेली होती.

माझ्यात ती आली. शाळा सोडून मी बैलबाजारातच उभा राहू लागलो. दात कसे बघायचे, चाल कशी बघायची, कुणी काय लपवलंय ते कुठं हात लावल्यावर कळतं, हे सगळं मी त्याच लोकांकडून शिकलो ज्यांच्यातल्या एकानं आम्हाला बुडवलं होतं. पुढं स्वतः दलाल झालो. मग गाड्या घेतल्या, मग अकोल्यात जागा, मग दुमजली घर. माझा स्वभाव तापट आहे, हे मला माहीत आहे. मी कुणाला सोडत नाही, हेही लोकांना माहीत आहे. पण वडिलांना फसवणाऱ्या त्या एका दलालाकडून मला माझं वसूल करता आलं नव्हतं. तो त्या बाजारात तसाच बसलेला असे, आता ऐंशीच्या पुढचा. सगळे त्याला बाबाजी म्हणतात. मीही म्हणायचो.

गेल्या वर्षी घराच्या वरच्या खोलीत एक पाहुणा भाड्यानं राहायला आला. वेस्ट इंडिजमधल्या एका बेटावरचा, पस्तिशीचा, तिकडच्या शेतकी महाविद्यालयात शिकवणारा. इथं कपाशीवरच्या किडीचा अभ्यास करायला आठ महिन्यांसाठी आला होता. उंच, काळा, कमी बोलणारा. गल्लीत सुरुवातीला पोरं त्याच्याशी क्रिकेटचं बोलायला यायची आणि त्याला क्रिकेट अजिबात आवडत नाही हे कळल्यावर नाराज होऊन जायची. माझी सून इंग्रजी शिकवते, त्यामुळे आमचं त्याच्याशी बोलणं तिच्या तोंडून चालायचं. पण माणूस हुशार. बायकोच्या हाताखाली बसून महिन्याभरात कामापुरतं बोलायला शिकला, आणि शिकला ते आमचंच बोलणं. "मावशी, मले भूक नाही," असं तो म्हणाला की बायकोचं हसू थांबायचं नाही. मला तो काका म्हणायचा. जेवण आमच्याकडेच.

पोळ्याला मी त्याला गावी नेलं. मळा अजून आहे आणि एक जोडी मी हौसेनं ठेवली आहे. बैलांची मिरवणूक त्याला फार आवडली. पूजा झाल्यावर बायकोनं बैलांना पुरणपोळी भरवली आणि त्याच आनंदात एक घास याच्या तोंडापाशी नेला. तो झटक्यात मागं सरला. तोंडावर हात धरला. मग ओशाळून हात पुढं केला आणि घास तळव्यावर मागून घेतला. बायकोला ते लागलं. रात्री म्हणाली, आपल्या हातचा विटाळ वाटते का याले. मी म्हटलं, तिकडची पद्धत असेल.

त्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं की बैलाचं वय तुम्हाला कसं कळतं. मला एवढंच हवं होतं. म्हटलं, दाखवतो.

एका शुक्रवारी मी त्याला त्या बाजारात घेऊन गेलो. माझ्या विद्येचा मला गर्व आहे, आणि ती पाहायला परदेशातून आलेला शिकलेला माणूस. मी त्याला सगळं दाखवलं. बैलाच्या नाकपुड्या धरून जबडा उघडला, दोनदाती कोणता, चारदाती कोणता, सगळे दात येऊन जुळलेला कोणता ते सांगितलं. मांडीवर थाप मारून, पळवून, मागं सरकवून दाखवलं. साळलेलं शिंग कसं ओळखायचं, काजळी कुठं लावतात, तेल का लावतात, सगळं. तो ऐकत होता. पहिल्यांदा प्रश्न विचारत होता, नंतर विचारेनासा झाला. मला वाटलं, ऊन लागलं.

मग मी त्याला रुमाल समजावला. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर खांद्यावरचा रुमाल टाकायचा आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे किती, ते दोघांना ठाऊक असतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. सौदा पटला की विकणारा मोठ्यानं म्हणतो, दिला. तो शब्द निघाला की मागं फिरता येत नाही. आणि रुमालाखालचा आकडा कधी कुणाला सांगायचा नाही, घरच्यालाही नाही. हे सगळं मी त्याला त्याची बोटं धरून शिकवलं. सून नव्हती, पण त्याला समजलं.

बाबाजी चहाच्या टपरीजवळ खुर्ची टाकून बसला होता. भोवती नेहमीचे आठ-दहा जण. मी नमस्कार केला. त्यानं पाहुण्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, आणि ते पाहणं मी ओळखलं, कारण मीही तसंच पाहतो.

"कोठचा हाय हा?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

त्यानं उठून पाहुण्याच्या दंडाला हात लावला, दाबून पाहिला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "काम करन हा. दात पाहू दे याचे." सगळे हसले. मीही हसलो. मग बाबाजीनं खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढं केला. "बोल, मी इकतो याले. कितीले घेतो?"

इथं मला थांबून खरं लिहायचं आहे. मजाक आहे हे मला कळत होतं. पाहुणा दोन हातांच्या अंतरावर उभा आहे हेही कळत होतं. पण पंचेचाळीस वर्षांत त्या माणसानं माझ्यापुढं पहिल्यांदा रुमाल केला होता. तो माझ्याशी कधीच सौदा करत नसे, मी भाव फार पाडतो म्हणून टाळत असे. माझा हात आत गेला. त्यानं माझी बोटं दाबली, त्याचा आकडा आला. आणि समोरून आकडा आला की मी जे करतो तेच मी केलं. मी तो पाडला. त्यानं पुन्हा दाबलं, थोडं खाली येऊन. मी आणखी पाडला. चांगल्या बैलजोडीला जे पडतं त्याच्याही खाली नेला. त्याच्या बोटांनी थोडा दम धरला. मग त्यानं हात काढला आणि मोठ्यानं म्हणाला, "दिला."

टपरीवर एकच हशा पिकला. आणि मला आनंद झाला. खरा आनंद. वडील डोळ्यांपुढं आले. वाटलं, या माणसाला मी रुमालाखाली हरवलं.

मग मी पाहुण्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही ओठ घट्ट मिटलेले होते. तो रागावला नाही. फक्त माझ्या हाताकडे पाहत होता.

परतताना तो गाडीत पुढं न बसता मागं बसला. त्या दिवशी जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोनं ताट वर पाठवलं ते तसंच झाकलेलं खाली आलं. "मले भूक नाही" हेच शब्द, पण या वेळी ती हसली नाही. इथल्या शेतकी कॉलेजच्या मेसमध्ये जेवायला लागला होता, असं नंतर कळलं. तिनं मला विचारलं, "तुमी काय केलं बाजारात?" मी म्हणालो, काही नाही. ऊन लागलं असेल त्याले.

रविवारी सकाळी तो स्वतः खाली आला. ओसरीवर बसला आणि सुनेला म्हणाला, मी जे बोलेन ते काकांना त्यांच्या भाषेत सांग, काही गाळू नको. बायको दारात उभी होती.

पहिलं वाक्य त्यानं बाजाराचं सांगितलं. सून ते मराठीत सांगायला लागली आणि मध्येच थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून पूर्ण केलं, "ते म्हणतात, बाबा, तुम्ही त्यांची किंमत केली." माझंच कृत्य माझ्या सुनेच्या तोंडून, माझ्या बायकोसमोर. मी चिडलो. म्हणालो, मजाक होती, तिथं असं चालते. त्यानं हात वर केला नाही, आवाज चढवला नाही. म्हणाला, मजाक होती हे मला माहीत आहे. आता माझं ऐका.

त्याच्या आईकडच्या घराण्यात एक बाई होऊन गेली. किती पिढ्यांमागं ते नक्की कुणाला सांगता येत नाही. तिला आफ्रिकेतून धरून आणलं होतं. किनाऱ्यापर्यंत आणणारे तिच्यासारखेच काळे होते, हेही त्यानं सांगितलं, लपवलं नाही. किनाऱ्यावर तापल्या लोखंडानं तिच्या खांद्यावर मालकाची खूण डागली. मग जहाजाच्या पोटात घातलं. पुरुष दोन-दोन करून पायात बेड्या घालून झोपवलेले, इतके दाटीनं की कुशीवर वळायचं तर शेजारच्यालाही वळावं लागे, आणि उठून बसायला वर जागा नव्हती. बायकांना वेगळं कोंडलेलं. तिथंच हागणं-मुतणं, तिथंच ताप, तिथंच मरणं. मेलेल्याला समुद्रात टाकत. अधूनमधून वर आणून चाबकाच्या धाकानं नाचायला लावत, अंग आखडू नये म्हणून, म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून. सुनेनं "माल" हा शब्द फार हळू उच्चारला.

त्या बाईनं खाणं सोडलं. बरेच जण सोडत. दुसरं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. पण मेली तर मालकाचं नुकसान. म्हणून त्यांच्याकडे एक लोखंडी चिमटा असे, स्क्रूचा. तो मिटलेल्या दातांत घालून स्क्रू पिळत गेलं की जबडा उघडतो. मग आत लापशी ओतत. आम्ही बैलाला बांबूच्या नळ्यानं औषध पाजतो, ते मला आठवलं आणि मी मान वळवली. तिचे समोरचे दोन दात तुटले.

पलीकडे उतरवल्यावर विकण्याआधी सगळ्यांना धुतलं, डोकी भादरली. अंगाला तेल चोळलं. पांढरे केस उपटले, नाहीतर काळे केले. जखमा काजळीसारखं काहीतरी फासून बुजवल्या. उन्हात चकाकायला लागल्यावर रांगेत उभं केलं. घेणारे येऊन दंड दाबत होते, मांडीवर मारत होते, पळवून पाहत होते. तोंड उघडून दात पाहत होते. तिचे दोन दात कसे गेले ते विकणाऱ्याला सांगावं लागलं आणि तिचा भाव उतरला. तिच्याबरोबर आणलेलं तिचं मूल त्याच दिवशी दुसऱ्यानं घेतलं. ते कुठं गेलं, कधीच कळलं नाही. उरलेलं आयुष्य ती ऊस तोडत होती, आणि पुढं तिथं झालेल्या लेकरांपासून हे घराणं चाललं.

घरात तिची एवढीच आठवण उरली आहे. तिचं खरं नावही नाही. पण एक पद्धत उरली आहे. आमच्या घरात, तो म्हणाला, कुणी कुणाच्या तोंडाला हात लावत नाही. लहान लेकरालाही घास हातावर देतात. माझी आजी दातांच्या डॉक्टरकडे कधी गेली नाही, दुखणं सोसत मेली.

बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला पोळ्याचा दिवस आठवला असणार.

मग तो सरळ माझ्याकडे वळला आणि सुनेला मध्ये न घेता म्हणाला, "काका, किती लावला?"

रुमालाखालचा आकडा सांगायचा नसतो, असं काहीतरी मी पुटपुटलो. तो उठला आणि वर निघून गेला.

पुढचे पाच दिवस माझं घर माझं राहिलं नाही. बायको ताट वाढून स्वयंपाकघरात निघून जायची. मला माझाच राग येत होता आणि तो काढायला माझ्याकडे नेहमीचा माणूस होता. शुक्रवारी मी एकटा बाजारात गेलो. बाबाजीला सगळ्यांसमोर म्हटलं, तू माझ्या घरी ये आणि त्या माणसाची माफी माग. तुझ्यामुळे माझ्या घरचा पाहुणा उपाशी उठला.

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "म्या तं मजाक केली, बापू. रुमाल म्या टाकला, हे खरं. पण बोट तं तुनं दाबलं. पाडला कोनं? म्या की तुनं?"

मी जुनं काढलं. मोठ्यानं, साऱ्या टपरीला ऐकू जाईल असं सांगितलं की याच बाजारात तुनं माझ्या बापाला दात घासलेला बैल विकला होता, शिंगं साळून, मानेवर काजळी फासून. पंचेचाळीस वर्षं त्याच्यापुढं तोंडात धरलेलं ते एकदाचं बाहेर पडलं.

बाबाजीनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. ढोंग नव्हतं ते, मी माणसं ओळखतो. "कोणता बैल?" तो म्हणाला. "असे लय इकले म्या."

त्याला आठवतच नव्हतं. माझ्या बापाची मान खाली गेली ती मरेपर्यंत वर आली नाही, मी शाळा सोडली, अख्खा जन्म त्या बैलाच्या दातांवर काढला, आणि विकणाऱ्याला तो बैल आठवत नव्हता. गाडी चालवताना मला पाहुण्याची बाई आठवली. तिला विकणारा संध्याकाळी घरी जाऊन निवांत जेवला असेल. त्याला तिचे तुटलेले दात आठवले असतील ते भाव उतरला म्हणून. त्याच्या नातवंडांना तेवढंही ठाऊक नसेल. तिकडं बेटावर मात्र तिच्या घराण्यातली एक म्हातारी दाढ दुखत असताना डॉक्टरपुढं तोंड उघडत नाही.

बैल आणि बाई एका मापात बसत नाहीत, एवढं मला कळतं. ज्यांनी तिला विकलं त्यांनाच तो फरक कळला नव्हता, आणि त्या शुक्रवारी टपरीवर मलाही कळला नाही.

घरी येऊन मी जिना चढलो. सुनेला हाक मारून बरोबर घेतलं. तो दारात आला. मी म्हणालो, आकडा सांगतो. त्यानं उजवा हात पुढं केला.

"तसंच दाखवा," तो म्हणाला. "जसं तिथं केलं तसं."

रुमाल नव्हता. दिवसाच्या लख्ख उजेडात मी त्याची बोटं धरली. आधी बाबाजीचा आकडा दाबून दाखवला. मग माझा. मग बाबाजीचा दुसरा. मग मी शेवटचा पाडला तो. त्याची बोटं माझ्या हातात अगदी सैल होती, काही उलट दाबत नव्हती. आयुष्यात इतके हात धरले, पण उलट न दाबणारा हात धरायची वेळ माझ्यावर आली नव्हती. सून भिंतीकडे पाहत उभी होती.

त्यानं मनात हिशेब केला असावा. मग सुनेला काहीतरी म्हणाला. ती सांगायला वेळ घेत होती. "ते म्हणतात, त्या विकलेल्या बाईची किंमत त्यांनी फार शोधली. जुने कागद पाहिले, कुठं सापडली नाही. म्हणतात, निदान माझी कळली."

मी माफी मागितली. त्यानं मान हलवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही आणि मी तसं लिहिणार नाही.

तो राहिलेले महिने मेसमध्येच जेवला. जायच्या दिवशी मात्र खाली आला, पाटावर बसला. बायकोनं पुरणपोळी केली होती. तिनं घास मोडला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. त्यानं खाल्ला. जाताना तिच्या पाया पडला. मला त्यानं हात जोडले, हातात हात दिला नाही.

आता माझं म्हणणं. मी बोट दाबलं, मी भाव पाडला, आणि भर उजेडात उभा राहून आकडा सांगितला. उशिरा सांगितला, पण सांगितला. बाबाजी अजून त्या टपरीवर बसतो आणि विचारतो, कोणता बैल. बाबाजी, तुला बैल आठवत नसेल तर मी आठवून देतो, दर शुक्रवारी येऊन आठवून देतो. पण माझ्या बापाचं मग पाहू. आधी त्या माणसाच्या दंडाला हात लावलास त्याचं बोल.

आणि ज्यांच्या वाडवडिलांनी त्या बाईच्या दातांत चिमटा घातला, तेल चोळून तिला उन्हात उभं केलं आणि तिचं लेकरू दुसऱ्याच्या हवाली केलं, त्यांच्या घरातलंही कुणीतरी आज जेवूनखाऊन सुखात आहे. त्या सौद्यावर बांधलेल्या घरात झोपतं आहे. मला त्याची मजाक नको, आठवत नाही हे उत्तर नको. त्यानं त्या बेटावर जावं, पाहुण्याच्या घराच्या दारात भर दिवसा उभं राहावं, हात मोकळा पुढं करावा आणि सांगावं. किती लावला होता तिचा? आणि लेकराचा किती?